पल्प मोहिमेची टोळी: तीन मालिकांच्या 28 मिमी फिगर आणि त्यांचं रंगकाम

1920 आणि 30च्या दशकांतल्या स्वस्त साहसकथा-मासिकांचं, म्हणजे पल्पचं, जग छोट्या फिगर आणि फासे घेऊन टेबलावर मांडायला सैन्य लागत नाही. सोला टोपीतला संशोधक, त्याचा इमानी जोडीदार, पर्समध्ये पिस्तूल बाळगणारी पत्रकार, दोन-तीन वाटाडे आणि समोर तितकाच बेरकी खलनायक, एवढ्यावर डाव रंगतो. त्यामुळे या प्रकारात नवखा माणूस फसतो तो कमी घेऊन नाही, भरमसाट घेऊन. ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्यांची सवय असते पलटणीच्या पलटणी मागवायची. ती इथे आणली की निम्मा माल वर्षानुवर्षं डब्यात पडून राहतो.

पल्प अ‍ॅली या नियमावलीचा हिशेब पाहा. एका टोळीला, म्हणजे त्यांच्या लीगला, दहा जागा असतात. म्होरक्या फुकट. साइडकिक, म्हणजे उजवा हात, तीन जागा खातो, अ‍ॅलाय (साथीदार) दोन आणि फॉलोअर (हाताखालचा साधा माणूस) एक. एक साइडकिक, दोन अ‍ॅलाय आणि तीन फॉलोअर घेतले की दहा जागा भरल्या, आणि टेबलावर उभ्या राहिल्या फक्त सात फिगर. समोरच्याच्या सात धरून चौदा. शिवाय पाच प्लॉट पॉइंटच्या, म्हणजे ज्यांच्यासाठी डाव चालतो त्या गोष्टींच्या, खुणा लागतात, एक मोठी आणि चार लहान: पेटारा, नकाशा, बेशुद्ध प्राध्यापक, काहीही चालतं. तीन फूट बाय तीन फूट जागा पुरते.

प्रत्येक पात्राचे फासे आणि अंगचे गुण वेगळे असतात, म्हणून फिगर जोखायची कसोटीही वेगळी. टेबलापलीकडून, दोन-अडीच हातांवरून, कोण कुठे उभं आहे हे टोपी आणि पवित्र्यावरून कळलं पाहिजे. जवळून कितीही देखणी असली तरी शेजारच्या तिघांसारखीच दिसणारी फिगर पल्पच्या कामाची नाही. खालचं सगळं मत याच कसोटीवर दिलं आहे.

पहिला मान पल्प फिगर्सचा. कॅनडातले शिल्पकार बॉब मर्च यांची ही मालिका, व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूतली, पाचपाचच्या पाकिटांत. पाकिटातले पाचही जण वेगळे, आणि इथेच ती बाजी मारते. कुणी वाकून डोकावतोय, कुणी कंबरेवर हात ठेवून हुकूम सोडतोय, कुणाच्या तोंडात सिगार. चेहऱ्यांवर थोडी व्यंगचित्राची झाक आहे. काहींना ती खटकते, पण पल्पला ती शोभते. रेल्वे स्टॉलवरच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवर वाढलेल्यांना तर ही माणसं ओळखीचीच वाटतील. अंगकाठी बेताची आणि हातातल्या वस्तू लहान, त्यामुळे पिस्तुलाची नळी किंवा काठी बोट लागून वाकते. वाकली तर एकदाच, दोन बोटांत धरून सावकाश सरळ करावी. तीच जागा पुन्हापुन्हा वाकवली तर धातू थकतो आणि तुटतो.

दुसरी कॉपलस्टोन कास्टिंग्ज, शिल्पकार मार्क कॉपलस्टोन. त्यांची बॅक ऑफ बियाँड ही मालिका 1920च्या मध्य आशियातली: चिनी युद्धसरदारांचे शिपाई, बोल्शेविक, त्यांचे विरोधक श्वेत रशियन, मंगोल, तिबेटी. पवित्रे शांत, कपड्यांचे पृष्ठभाग मोठे आणि स्वच्छ, घड्या खोल. रंगवायला तिघांत सर्वात सोपी मालिका हीच, नवख्याने इथूनच हात बसवावा. पण शिपाई एकमेकांसारखे दिसतात. म्हणून फॉलोअर इथून घ्यावेत, म्होरक्या नको.

या मालिकेमागचा इतिहास मात्र कुठल्याही कादंबरीला लाजवेल असा. श्वेत रशियन सेनानी बॅरन उंगर्न-स्टर्नबर्गने फेब्रुवारी 1921मध्ये मंगोलियाची राजधानी उर्गा जिंकली आणि सप्टेंबरात बोल्शेविकांनी त्याला गोळी घातली. पुढच्याच वर्षी अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे रॉय चॅपमन अँड्र्यूज मोटारी आणि उंटांचा तांडा घेऊन गोबीच्या वाळवंटात उतरले, आणि 1923मध्ये तिथल्या तांबड्या कड्यांपाशी डायनासोरची अंडी सापडली. टोळी कशावर बेतावी हा प्रश्न पडलेल्याला यापेक्षा तयार आराखडा कुठे मिळणार? म्होरक्या संशोधक, साइडकिक जीवाश्मतज्ज्ञ, अ‍ॅलाय म्हणून मोटार-मेकॅनिक आणि मंगोल वाटाड्या, फॉलोअर म्हणून तीन उंटवाले. मोठा प्लॉट पॉइंट अर्थातच अंडी.

तिसरी आर्टिझन डिझाइन्सची थ्रिलिंग टेल्स, शिल्पकार माइक ओवेन. हात जाड, डोकी थोडी मोठी, नाकडोळे ठळक. ब्रश जिथे टेकवावा तिथे कड सापडते आणि लांबूनही चेहरा वाचता येतो. म्होरक्या आणि खलनायक यांच्यासाठी पसंती इथेच. अडचण एवढीच की पल्प फिगर्सच्या सडपातळ माणसाशेजारी आर्टिझनचा गडी पैलवान दिसतो. एका टोळीत दोन्ही घ्यायचे झाले तर जाडजूड फिगर पात्रानेच जाड ठरवावी: अंगरक्षक, बॉक्सर, जहाजाचा कप्तान. उंचीतला फरक बेसची जाडी बदलून मिटतो. तळाखाली एक मिलिमीटरचा पुठ्ठा घातला तरी पुरतो. मनगटांच्या जाडीवर मात्र इलाज नाही. कॉपलस्टोन या दोघांच्या मधोमध पडते, म्हणून दोन्हींकडे खपून जाते.

एक गोष्ट तिन्ही मालिकांबाबत खटकते, आणि ती मुळात पल्पचीच आहे. नायक गोरा, हमाल काळासावळा, खलनायक पूर्वेकडचा. नियमावली ही सक्ती करत नाही, मग आपणही का करावी? कुमाऊंचे सर्वेक्षक नैनसिंग रावत जानेवारी 1866मध्ये यात्रेकरूच्या वेशात ल्हासाला पोचले. जपमाळेत 108ऐवजी 100 मणी, मण्यागणिक ठरावीक पावलं, मोजणीचे कागद प्रार्थनाचक्रात दडवलेले. काळ पल्पच्या आधीचा, पण तिबेटी वेशातल्या एका फिगरच्या हातात पुट्टीचं प्रार्थनाचक्र दिलं की असा म्होरक्या तयार होतो, आणि कुठल्याही सोला टोपीला तो भारी पडतो.

आता रंगकाम. आधी सफाई: मोल्डची रेघ, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथला उंचवटा, सुरीच्या बोथट पाठीने खरवडावी, धारेने कापू नये, धातू मऊ असतो आणि खाच पडते. टोपीची किनार आणि खांद्यावरची रेघ हमखास सुटते आणि नेमकी वॉश (घड्यांत सावली आणणारा पातळ गडद रंग) टाकल्यावर डोळ्यांत भरते. उजेड तिरपा धरून फिगर फिरवली की आधीच दिसते. कानशीचा चुरा ओल्या फडक्याने टिपावा, फुंकू नये, आणि हात धुवावेत. जुन्या ओतीव मालात शिसं असू शकतं. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, आणि पूर्ण वाळवण. साच्याची पावडर किंवा बोटांचं तेल राहिलं तर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, पापुद्र्यासारखा सुटतो.

प्रायमर टाळू नका. अ‍ॅक्रिलिक रंग नुसत्या धातूला धरत नाही. स्प्रे 20 ते 25 सेंटीमीटरवरून, झटपट, पातळ हातांनी. धार फिगरच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायची. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर स्प्रे हे संकटच. हवेतल्या ओलीमुळे थर दुधाळ होतो. लांबून मारला तर रंग हवेतच सुकतो आणि फिगरवर भुकटीसारखा बसतो, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत. पावसाळ्यात सरळ ब्रशने लावायचा प्रायमर घ्यावा, दोन पातळ हात, आणि चोवीस तास हात लावू नये. वरून सुकलेला दिसतो पण आतून कच्चा असतो. घाई केली की नखाने सोलून निघतो.

खरी मेख खाकीत आहे. मोहिमेवरच्या माणसाचं जाकीट खाकी, ब्रीचेस (गुडघ्याखाली घट्ट विजार) खाकी, सोला टोपी खाकी, पायपट्ट्या खाकी, पट्टा आणि बूट तपकिरी. सगळं एकाच बाटलीतून रंगवलं तर टेबलावर चिखलाचा गोळा दिसतो. इलाज हा की अंगावरच्या प्रत्येक कपड्याला उजेडाची वेगळी पायरी द्यायची आणि थंड-उबदार असा आलटूनपालटून रंग घ्यायचा. व्हॅलेहो कंपनीच्या मॉडेल कलर रंगांत (आकडे बाटलीवरचे) बसवायचं तर जाकिटाला इंग्लिश युनिफॉर्म 70.921, म्हणजे गडद आणि उबदार. ब्रीचेसला खाकी 70.988, जरा फिकट आणि थंड. टोपीला इराकी सँड 70.819, सर्वात उजळ, कारण नजर चेहऱ्याकडे खेचायची आहे. शर्टाला टोपीच्याच रंगात निम्मा पांढरा. चामड्याला रेड लेदर 70.818, म्हणजे पट्टा आणि पिस्तुलाचं म्यान जाकिटात हरवत नाही. दोन कपडे भेटतात तिथे जर्मन कॅमो ब्लॅक ब्राउन 70.822ची पातळ रेघ. काळी रेघ नको, ती या आकारावर छापल्यासारखी दिसते.

प्रत्येक रंगात थोडं पाणी, साधारण दोन थेंब रंगाला एक थेंब, आणि दोन हात. वॉश अंगभर ओतू नये. ब्रशच्या टोकाने फक्त घड्यांत, काखेत आणि पट्ट्याखाली सोडावा. सपाट पाठीवर साचला तर वाळल्यावर चहाच्या कपाखालच्या डागासारखी कड उमटते. साचलेला थेंब ओल्या, स्वच्छ ब्रशने लगेच उचलता येतो, पाच मिनिटांनी नाही. वॉश वाळल्यावर मूळ रंग उंचवट्यांवर परत लावायचा, मग त्यातच थोडा इराकी सँड मिसळून खांदा, कोपर, गुडघा आणि टोपीच्या कडेवर शेवटचा उजेड. रुंद किनारीच्या टोपीची फिगर असेल तर डोळे रंगवण्यात वेळ घालवू नये: किनारीखाली गडद तपकिरी सावली आणि नाकाच्या शेंड्यावर उजळ ठिपका, काम झालं. टोपी नसलेल्या पात्राला डोळे हवेतच, पण शुभ्र नाही. फिकट राखाडी, नाहीतर माणूस भेदरलेला दिसतो.

सावळ्या कातडीला बेज ब्राउन 70.875 मूळ, त्यात थोडा फ्लॅट फ्लेश 70.955 मिसळून गाल, नाक आणि बोटांची पेरं. गोऱ्या रंगासाठीची पाककृती फक्त गडद केली तर चेहरा राखेसारखा होतो, उबदार तपकिरीपासूनच सुरुवात हवी.

खाकीच्या या समुद्रात सुटका करतात ते मध्य आशियातले लोक. मंगोल झग्याला गडद निळा किंवा किरमिजी आणि कंबरेला विरोधी रंगाचा शेला. चिनी शिपायांच्या कापूस भरलेल्या कोटांना निळसर राखाडी. बोल्शेविकांच्या टोकदार कापडी टोपीवरचा तारा बहुतेकजण डोळे झाकून लाल रंगवतात. 1919च्या नियमांनुसार कापडी ताऱ्याचा रंग दलाप्रमाणे होता: पायदळाचा किरमिजी, घोडदळाचा निळा, तोफखान्याचा नारिंगी, लाल असतो तो त्यावर टाचलेला लहान धातूचा बिल्ला. निळ्या ताऱ्यावर लालचा एक ठिपका, एवढ्यावरून जाणकार ओळखतो की हात कुणाचा आहे.

वार्निश दोनदा. पहिलं चकचकीत, ते कठीण असतं. वरून मॅट, चमक मारायला. धातूची फिगर जड, आडवी पडली की टोपीची कड आणि बंदुकीचं टोक पहिल्यांदा उघडं पडतं, तिथे चकचकीतचा एक हात जास्त द्यावा. मॅटची बाटली नीट हलवली नाही तर मॅट करणारी पूड तळाशीच राहते, आणि तळाशी राहिलेलं वापरलं तर फिगरवर पांढुरकी साय येते.

बेससाठी 25 मिमीचा लोखंडी वॉशर उत्तम: स्वस्त, खाली जड, आणि डब्याच्या तळाला चुंबकी पत्रा चिकटवला की प्रवासात फिगर हलत नाहीत. भोकावर आतून कागद चिकटवून एम-सीलने बुजवावं, फिगरच्या धातूच्या तळाची पायरीही त्यातच मिटवावी. मग फेव्हिकॉल, चाळलेली वाळू, दोन-तीन मोठे खडे. गोबीसाठी मूळ रंग फ्लॅट अर्थ 70.983 आणि वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर इराकी सँड. तांबड्या कड्यांचा भाग दाखवायचा तर मुळात थोडा विटकरी. जोडकामाला फेव्हीक्विक चालतं, पण डबा लगेच बंद करू नये, वाफेने आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी छटा धरते. सुटा हात असेल तर एक मिलिमीटर जाडीच्या पेपरक्लिपचा तुकडा आत घालूनच चिकटवावा.

मागवायचं कसं? आर्टिझन आणि कॉपलस्टोन या दोन्ही इंग्लंडमधल्या नॉर्थ स्टार या विक्रेत्याकडे एकाच पार्सलमध्ये मिळतात, पल्प फिगर्स कॅनडाहून. भारतात येताना सीमाशुल्क मालाच्या किमतीत टपालखर्च मिळवून आकारलं जातं, आणि धातूचं वजन टपालाला महाग पडतं. म्हणून दोन-तीन जणांनी मिळून एकच पार्सल मागवणं शहाणपणाचं. पल्प फिगर्सचं एक पाकीट, आर्टिझनचे दोन म्होरके आणि कॉपलस्टोनचे फॉलोअर, एवढ्यावर दोन्ही टोळ्या उभ्या राहतात. आणखी काही हवंसं वाटलं तर पाच-सहा डाव खेळून झाल्यावर. घरगुती प्रिंटरवर रेझिनमध्ये छापलेल्या फिगर स्वस्त पडतात आणि बारकावा छान येतो, पण बंदुकीच्या नळ्या वाकत नाहीत, थेट तुटतात. रेझिन पेटारे, मूर्ती, मोटारीची चाकं आणि डायनासोरची अंडी छापायला ठेवावं.