पुराच्या पिशवीतली सुरी

2024 च्या ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीनं 35 फूट ओलांडले, तेव्हा आम्ही तिथल्या कारेलीबागेत पहिल्या मजल्यावर दोन दिवस विजेविना अडकलो होतो. खालून होडीतली मुलं दूध आणि पाण्याच्या बाटल्या देत होती. बादली सोडायला नायलॉनची दोरी तोडायची होती. घरात भाजीची सुरी तेवढी होती, आणि ती दोरीवर नुसती घसरत होती. शेवटी मेणबत्तीवर दोरी जाळली.

पाणी ओसरल्यावर मी पुराची पिशवी भरायला घेतली. टॉर्च, शिट्टी, आईच्या गोळ्या, आधारच्या प्रती असं सगळं झालं आणि एक चांगली न मिटणारी सुरी तेवढी राहिली. मोबाइलनं मनातलं ऐकलं असावं, कारण दोन दिवसांत जाहिरात आली. व्हिडिओत फक्त एक हात दिसत होता, मनगटाला लाल दोरा. तो हात सुरी फळीत खुपसतो, मग दगडावर आपटतो, आणि तरी कागद सरसर कापून दाखवतो. खाली लिहिलेलं, ‘440 सी स्टील, फुल टँग, 1,299 रुपये’. 440 सी म्हणजे कडक, सहसा न गंजणारं पोलाद, आणि फुल टँग म्हणजे पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेलं. हे मी त्याच दिवशी शिकले आणि लगेच स्वतःला जाणकार समजायला लागले.

डिलिव्हरीवाला पैसे घेतल्याशिवाय खोकं उघडू देईना. दिलेही. आत सुरी मात्र देखणी होती. काळं पातं, मुठीवर पितळेचे तीन रिव्हेट, पात्यावर कोरलेलं ‘440 सी’. खात्री वाटेना म्हणून विक्रेत्याला मेसेज केला, तर उत्तर आलं, ‘मॅग्नेट लगाके देखो मॅडम.’ फ्रीजवरचं गणपतीचं मॅग्नेट लावलं, चटकन चिकटलं. झालं, मी खूश. सुरी पिशवीत गेली.

आता वाटतं, खरी मेख इथेच होती. संकटासाठी घेतलेली वस्तू कोणी रोज वापरत नाही. परत करायची मुदत सात दिवसांची, आणि ती पिशवीतून बाहेर निघणार आठ-दहा महिन्यांनी. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

माझी निघाली पुढच्या मे महिन्यात. केसर आंब्याची लाकडी पेटी आली होती, वरची पट्टी उचकटायची होती. सुरीचं टोक घालून जरा दाबलं आणि हातात नुसती मूठ राहिली. पातं पेटीतच उभं. मुठीच्या भोकातून पिवळट, ठिसूळ चिकटा भुगा होऊन गळत होता. पात्याचं मुठीत जाणारं शेपूट माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं, बाकी मूठ पोकळ. आणि ते तीन रिव्हेट? नखानं उचलले तर टिकलीसारखे सुटून आले. आरपार काही नव्हतंच.

सुरीनं पेटी उचकटू नये, हे मला मान्य आहे. पण मग दगडावर आपटून का दाखवता?

विक्रेत्याला फोन केला. आधी ऐकून घेतलं, मग आवाज बदलला. ‘मॅडम, ये हथियार है. कंप्लेंट करोगे तो पहले आप फँसोगे, लायसन नहीं है आपके पास.’ मी फोन ठेवला आणि तुकडे पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकले. पंधरा दिवस कोणाला बोलले नाही. पैशांपेक्षा या पंधरा दिवसांचा राग मला जास्त येतो.

शेवटी मामांना सांगितलं. मामा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कानस काढली आणि धारेवर हलकेच फिरवली. कानशीनं लोखंड लोण्यासारखं खाल्लं. ‘अगं, याला पाणीच दिलेलं नाही, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलंच नाही. पाणी दिलेल्या पात्यावरून कानस घसरते. आणि चुंबक काय, खिळ्यालाही चिकटतं. खरं 440 सी असतं तरी चिकटलंच असतं. त्यानं काय कळणार?’ मग म्हणाले, फुल टँगचं एवढं कौतुकही नको. स्वीडनमधल्या मोरा गावच्या साध्या प्लॅस्टिक मुठीच्या सुऱ्या जगभर वापरतात. त्यातल्या पुष्कळांचं शेपूट मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, पण जेवढं जातं तेवढं खरं असतं.

कायद्याचंही त्यांनीच भाच्याकरवी शोधून काढलं. शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागू शकतो तो 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याला, त्यातही घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळून. माझं पातं साडेचार इंच. अर्थात म्हणून कमरेला लावून गरब्याच्या गर्दीत फिरायचं नाही. पोलीस आयुक्तांचे जाहीरनामे निघतात, त्यात सार्वजनिक ठिकाणी चाकूसुरी बाळगायला मनाई असते. घरातल्या पिशवीत ठेवायला कोणी अडवत नाही.

मग मात्र 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. क्रमांक मिळाला, पैसे नाहीत. विक्रेत्याचं पान तोवर गायब. खोक्यावरचा पत्ता अर्धवट होता, आणि बिल मी मागितलंच नव्हतं. तुम्ही मागा. आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, सुरी त्याच आठवड्यात चालवून बघा. दोरी कापा, खोकी फाडा, मूठ पिळून बघा. पिशवीत त्यानंतर टाका.

परवा भाचीनं मोबाइल पुढे केला, ‘मावशी, ही घेऊ का ट्रेकला?’ पानाचं नाव वेगळं होतं, किंमत 999. फळी तीच, दगड तोच, आणि मनगटाला लाल दोरा.