डायलॉगविना पावती: क्रोम, फायरफॉक्स की क्यूझेड ट्रे?

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या पावती खिडकीसाठी मी ब्राउझरवर चालणारी पावती-प्रणाली लिहिली, तेव्हा अपेक्षा एवढीच होती की कारकुनाने अभिषेक किंवा कुंकुमार्चनाची नोंद करून ‘जमा’ हे बटण दाबावे आणि ८० मि.मी.च्या थर्मल (उष्णतेने अक्षरे उमटणाऱ्या) कागदावर पावती लगेच बाहेर यावी. मध्ये प्रिंटचा डायलॉग, म्हणजे प्रिंटर निवडायला सांगणारी चौकट, उघडू नये. जत्रेच्या दिवशी रांग सभामंडपाच्या पायऱ्यांपर्यंत जाते आणि प्रत्येक यजमानामागे एक जादा क्लिक म्हणजे दुपारच्या महाआरतीपर्यंत शेकडो क्लिक होतात.

वेबपानावरून छपाई सुरू करणारी ‘विंडो.प्रिंट’ ही आज्ञा स्वतःहून डायलॉग टाळू शकत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तशी मुभा असती तर कोणतेही संकेतस्थळ आपला कागद संपवू शकले असते. जुन्या वाटाही आता बंद झाल्या आहेत. इंटरनेट एक्सप्लोररमधील अ‍ॅक्टिव्हएक्सची (वेबपानाला संगणकावरची कामे करू देणाऱ्या घटकाची) युक्ती त्या ब्राउझरबरोबर मागे पडली. त्याच्या अकराव्या आवृत्तीचा आधार जून २०२२मध्ये थांबला. फायरफॉक्समध्ये डायलॉगविना छापू देणारे जेएसप्रिंटसेटअप हे अ‍ॅड-ऑन नोव्हेंबर २०१७च्या ५७व्या आवृत्तीपासून चालेनासे झाले. त्यामुळे आज निवड मुख्यत्वे तीन मार्गांतून करावी लागते: क्रोमचा ‘किऑस्क-प्रिंटिंग’ फ्लॅग (ब्राउझर सुरू करताना दिलेली जादा सूचना), फायरफॉक्समधील ‘प्रिंट.ऑलवेज_प्रिंट_सायलेंट’ ही सेटिंग आणि क्यूझेड ट्रे हा संगणकावर वेगळा चालणारा प्रोग्राम. मी तिन्ही मार्ग त्याच खिडकीवर वापरून पाहिले आहेत.

सुरुवात क्रोमपासून केली, कारण तो मार्ग सर्वांत सोपा आहे. शॉर्टकटच्या ‘टार्गेट’मध्ये फ्लॅग जोडला की काम झाले. क्रोम आधीच उघडा असेल तर हा फ्लॅग मानला जात नाही आणि डायलॉग पुन्हा दिसू लागतो. पावतीसाठी वेगळा यूजर-डेटा फोल्डर (क्रोम आपल्या सेटिंग जिथे ठेवतो ती जागा) दिला की तीही अडचण सुटते. छपाईचा वेग आणि देवनागरीची मांडणी यांबाबत माझी काहीच तक्रार नव्हती. ‘कुंकुमार्चन’मधला रफार जिथे हवा तिथेच उमटत होता.

तरीही मला तो मार्ग सोडावा लागला, आणि त्याचे कारण छपाईत नव्हते, प्रिंटरच्या निवडीत होते. त्या कार्यालयात दोन प्रिंटर आहेत: खिडकीवरचा थर्मल आणि आतल्या खोलीत हिशेबाच्या कागदांसाठी ए-फोर लेझर. डायलॉग नसताना क्रोम पावती डिफॉल्ट, म्हणजे संगणकाने नेहमीचा म्हणून धरलेल्या, प्रिंटरकडे पाठवतो. विंडोजमध्ये मात्र ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ अशी एक सेटिंग असते आणि ती चालू असेल तर सर्वांत शेवटी वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट होऊन बसतो. नवरात्रातल्या एका सकाळी हिशेबनिसांनी त्याच संगणकावरून महाजनांच्या (देवस्थानच्या सभासदांच्या) सभेची सूचना लेझरवर छापली. त्यानंतरची पावती खिडकीवर आलीच नाही. कारकुनाने पुन्हा बटण दाबले, मग तिसऱ्यांदा दाबले आणि मला फोन करून म्हणाले, “पावती येना.” मी पोहोचलो तेव्हा आतल्या खोलीत लेझरच्या ट्रेवर तीन ए-फोर कागद पडले होते, प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात इवलीशी पावती आणि तिन्हींवर वेगवेगळे क्रमांक. त्या तीन क्रमांकांपैकी दोन रद्द करून घेण्यासाठी हिशेबवहीत लेखी टिपण द्यावे लागले, आणि यजमान तोवर खिडकीशी ताटकळत उभे होते.

डायलॉग बंद केला की प्रिंटरचे नाव जिथे डोळ्यांना दिसत होते ती एकमेव जागाही बंद होते, हे त्या दिवशी लक्षात आले. मी ती सेटिंग अर्थातच बंद केली. पुढे पावसाळ्यात विजेच्या लपंडावानंतर लेझरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) पुन्हा बसवावा लागला, तेव्हा त्याने स्वतःलाच डिफॉल्ट करून घेतले आणि तोच प्रकार दुसऱ्यांदा घडला. क्रोमच्या संस्थात्मक धोरणांत प्रिंटर नावाने ठरवून देण्याची सोय आहे. ज्यांच्याकडे संगणकांची देखभाल करणारा माणूस नेहमी हजर असतो त्यांनी ती जरूर पाहावी. आमच्याकडे तसा माणूस म्हणजे आठवड्यातून एकदा जाणारा मी.

फायरफॉक्समध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे. शेवटी वापरलेल्या प्रिंटरचे नाव तो स्वतःच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या स्वतंत्र संचात, जपून ठेवतो. म्हणून मी केवळ पावतीसाठी वेगळे प्रोफाइल तयार केले, सायलेंट सेटिंग बंद असतानाच एकदा डायलॉगमधून थर्मल प्रिंटर निवडला, समास शून्य केले, पानावरचे शीर्षक, पत्ता आणि तारीख काढून टाकली, एक पावती छापली आणि त्यानंतरच सायलेंट सेटिंग चालू केली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आता त्या प्रोफाइलमध्ये डायलॉग उघडतच नसल्यामुळे दुसरा प्रिंटर चुकून निवडला जाण्याची वाटही उरलेली नाही, आणि विंडोजचा डिफॉल्ट बदलला तरी पावती थर्मलवरच येते. दोन नवरात्रे यावर पार पडली आहेत आणि आतल्या खोलीत एकही पावती गेलेली नाही. कागदाचा आकार ‘@पेज’ या वेबपानाच्या मांडणीच्या नियमातून देण्याची सोय फायरफॉक्सला ९५व्या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०२१मध्ये मिळाली, त्यापूर्वी कोणी हा मार्ग वापरून निराश झाले असेल तर त्यांनी पुन्हा एकदा पाहावे, असे मी सुचवेन.

क्यूझेड ट्रेची क्षमता या दोघांहून निःसंशय मोठी आहे. तिथे स्क्रिप्टमधूनच प्रिंटर नावाने निवडता येतो, एकाच पानावरून एक कागद थर्मलला आणि दुसरा लेझरला पाठवता येतो, आणि कागद संपल्यासारखी प्रिंटरची स्थितीही विचारता येते. ब्राउझरच्या ‘आफ्टरप्रिंट’ घटनेवरून (छपाईची प्रक्रिया संपल्याचा वेबपानाला मिळणारा संकेत) कागद खरोखर बाहेर आला की नाही हे कळत नाही, त्यामुळे ही सोय मोलाची आहे. मात्र छपाईच्या विनंत्यांवर डिजिटल प्रमाणपत्राची सही नसेल तर तो परवानगी विचारणारी चौकट दाखवतो, म्हणजे ज्या चौकटीतून सुटायचे तीच वेगळ्या रूपात परत येते. सहीची व्यवस्था एकदा नीट केली की ती जाते, पण ती व्यवस्था सांभाळणारे कोणीतरी लागते. शिवाय थर्मल प्रिंटरला थेट आज्ञा पाठवण्याचा त्यातला वेगवान मार्ग इंग्रजी पावतीसाठी उत्तम आहे. आमच्या प्रिंटरच्या अंगभूत अक्षरसंचात देवनागरी नव्हती, म्हणून मला पावतीचे चित्र करून पाठवावे लागले आणि वेगाचा लाभ फारसा उरला नाही.

एका खिडकीवरून दोन-तीन प्रिंटर चालवायचे असतील, किंवा छपाई झाल्याची खात्री प्रणालीला हवी असेल, तर क्यूझेड ट्रेवर वेळ खर्च करणे बहुधा योग्य ठरेल. संगणकाला एकच प्रिंटर जोडलेला असेल तर क्रोमचा फ्लॅग पाच मिनिटांत काम भागवतो. परंतु एका संगणकावर पावतीचे आणि कार्यालयाचे काम एकत्र चालत असेल, पावती मराठीत असेल आणि दररोज लक्ष द्यायला कोणी नसेल, तर माझे मत फायरफॉक्सच्या वेगळ्या प्रोफाइलकडे झुकते. त्या प्रोफाइलचा शॉर्टकट मी स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवला आहे, त्यामुळे वीज जाऊन आल्यावर कारकुनांनी संगणक चालू केला की पावतीचे पान आपोआप उघडते, आणि काकडआरतीनंतर खिडकी उघडताना ते त्यावर चाचणीची एक पावती छापून पाहतात.