पिसांची की सिंथेटिक? थंडीतल्या कॅम्पिंगसाठी स्लीपिंग बॅग निवडताना

स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही. आपल्याच अंगाची ऊब ती भरणात अडकलेल्या हवेच्या जोरावर धरून ठेवते. ही हवा कोण जास्त चांगली धरतं आणि किती रात्री धरतं, यावरच पिसं की सिंथेटिक हे ठरतं.

कोरड्या थंडीत पिसांना तोड नाही. बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं, म्हणजे डाऊन, कमी वजनात भरपूर फुगतात आणि दाबली की लहानशा पिशवीत मावतात. ठरावीक वजनाची पिसं किती फुगतात त्या मापाला फिल पॉवर म्हणतात; ८०० फिल पॉवरची पिसं ६०० वाल्यांपेक्षा तेवढ्याच वजनात जास्त हवा धरतात. मात्र नुसत्या या आकड्यावर जाऊ नका, आत पिसं किती ग्रॅम आहेत तेही बघा. पिसांचं वैर ओलाव्याशी. भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब गेलीच म्हणून समजा. त्यासाठी पाऊसच पडायला हवा असंही नाही. रात्रभर अंगातून निघणारी वाफ बाहेरच्या गार कापडापाशी येऊन भरणातच पाणी होते, कडाक्याच्या थंडीत गोठते. एका रात्रीत हे कळत नाही, पण सलग चार-पाच दिवस ऊन मिळालं नाही तर बॅग रोज थोडी चपटी होत जाते. डोकं आत घेऊन श्वास सोडला तर आणखी लवकर. हूड आवळा, पण नाक-तोंड बाहेरच ठेवा.

सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचं भरण असलेली बॅग, ओलसर झाली तरी बरीच ऊब राखते, लवकर वाळते, स्वस्तही पडते. पण तेवढ्याच उबेसाठी ती जड आणि मोठी असते, आणि वारंवार दाबून भरल्याने तिचा फुगवटा लवकर बसतो.

बॅग कुठलीही घ्या, आयएसओ २३५३७ या स्लीपिंग बॅगांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिलेल्या आकड्यांपैकी 'कम्फर्ट', म्हणजे निवांत झोप लागेल ते तापमान पाहा. 'लिमिट' म्हणजे अंग आखडून कशीबशी झोप लागेल ती हद्द. 'एक्स्ट्रीम' तर जीव वाचवण्यापुरता आकडा आहे, त्यात हायपोथर्मियाचा, म्हणजे अंगाचं तापमान धोकादायक खाली जाण्याचा, धोका धरलेला असतो. अपेक्षित थंडीपेक्षा पाच अंश खालचा कम्फर्ट असलेली बॅग मी घेईन.

आणि पैसे कमी असतील तर बॅगेआधी मॅटवर खर्च करा. अंगाखालचं भरण दबून जातं, मग पिसं असोत की सिंथेटिक, पाठीला ऊब देणारं काही उरत नाही. भारी बॅग आणि पातळ मॅट घेऊन मी एक रात्र अक्षरशः कूस बदलत काढली आहे. साध्या फोम मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता रोखण्याच्या क्षमतेचा आकडा, २ च्या आसपास असते, बर्फावर ५ तरी हवी. एकावर एक दोन मॅट घातल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणून फोमवर हवेची मॅट ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

दोन-तीन रात्री, कोरडी हवा, लांबची चाल असेल तर पिसांची घ्या. दमट हवा असेल किंवा वाळवायची सोय नसेल तर सिंथेटिक. घरी आल्यावर दोन्ही पिशवीतून काढून मोकळ्या, सैल ठेवा.