लघुप्रबंधासाठी लिली की कॅरी?

अमेरिकन कादंबरीतील माणसे आणि त्यांची सामाजिक परिस्थिती हा विषय एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी ठरला, की यादी बहुधा दोन नावांपाशी येऊन अडते: थिओडोर ड्रायझर यांची ‘सिस्टर कॅरी’ (१९००) आणि इडिथ व्हॉर्टन यांची ‘द हाउस ऑफ मर्थ’ (१९०५). पहिलीची नायिका खेड्यातून शिकागोत कामाला आलेली कॅरी, दुसरीची न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू समाजातून घसरत जाणारी लिली बार्ट. मीही याच पेचात महिनाभर अडकलो होतो, म्हणून हा अनुभव मांडतो.

निव्वळ गद्य पाहिले तर व्हॉर्टन कितीतरी सरस आहेत. ड्रायझर यांची वाक्ये बोजड असतात, आणि अठरा वर्षांच्या मुलीने घर सोडले की तिच्यापुढे दोनच वाटा असतात, असे प्रवचन ते पहिल्याच प्रकरणात सुरू करतात. अशा परिच्छेदांवर मी पेन्सिलीने फुली मारून पुढे जात असे. याउलट लिली बार्ट टोप्यांच्या कारखान्यात कामाला बसते ते प्रकरण मी आजही पुन्हा काढून वाचतो. तिने टाकलेल्या टिकल्यांच्या ओळी वाकड्या येतात, मुकादमीण तिला टोकते, आणि शेजारच्या मुली ज्या बड्या गिऱ्हाईक बायकांच्या गप्पा मारत असतात, त्यांच्याच घरी ती काल-परवापर्यंत पाहुणी म्हणून राहत असे. शोभेसाठीच वाढवलेल्या बाईच्या बोटांना सुई पेलत नाही, हे लेखिकेला वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही माझे घोडे अडले ते योगायोगांपाशी. मी वहीत दोन रकाने आखले होते: परिस्थितीमुळे घडलेले एका बाजूला, योगायोगाने घडलेले दुसऱ्या बाजूला. लिली तिचा मित्र सेल्डन राहतो त्या इमारतीतून बाहेर पडते तेव्हा नेमका धनिक रोझडेल समोर येतो, आणि ती इमारतही त्याचीच निघते. मैत्रिणीचा नवरा ट्रेनर याच्या घरातून ती रात्री निघते तेव्हा नेमका सेल्डन रस्त्यावर असतो. तिची वैरीण बर्था हिने सेल्डनला लिहिलेली पत्रे लिलीचीच आहेत असे समजून मोलकरीण ती तिलाच विकायला आणते. दुसरा रकाना असा भरत गेला, की तिला समाजाने बुडवले हे माझे विधान लिहिताना मलाच ओशाळल्यासारखे होऊ लागले. कदाचित हा माझ्या वाचनाचाही दोष असेल.

ड्रायझर यात अगदी निर्दोष आहेत असे नाही. कॅरीवर भुललेल्या हर्स्टवुडच्या हातात मालकांची रोकड असतानाच तिजोरीचे कुलूप लागून जाते आणि तो ती घेऊन पळतो, हा योगायोग त्यांनाही लागलाच. पण बाकीचा हिशेब चोख आहे. कॅरीची मजुरी आठवड्याला साडेचार डॉलर, त्यातले चार बहिणीच्या घरी जेवणाखाण्याचे. थंडीचे कपडे नाहीत म्हणून आजारपण, आजारपणामुळे नोकरी गेली, आणि तेव्हा कुठे फिरता विक्रेता ड्रुए दहा-दहाच्या दोन नोटा तिच्या हातात ठेवतो. हर्स्टवुडचे तर त्याहून स्पष्ट आहे. शिकागोत नामांकित मद्यगृहाचा व्यवस्थापक म्हणून चार लोक ज्याला हाक मारत, त्याच माणसाला न्यूयॉर्कमध्ये कुणी ओळखत नाही. चोरीतले तेराशे डॉलर जवळ ठेवून तो या शहरात येतो, हजार धंद्यात घालतो, धंदा बसल्यावर सातशे उरतात, आणि मग तो दिवसभर वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत झुलत बसतो. ब्रुकलिनच्या ट्राम संपात तो संप मोडणाऱ्यांच्या बाजूने गाडी चालवायला जातो, दगड खातो आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसतो. माणूस तोच, फक्त शहर बदलले. मार्गदर्शकांपुढे मांडायला यापेक्षा सोपा पुरावा मला सापडला नाही.

भाषाशैली हाही तुमच्या अभ्यासाचा भाग असेल, तर लिलीच घ्यावी, मी आग्रह धरणार नाही. कॅरी घेतली तर प्रत मात्र आधीच ठरवावी. १९०० च्या प्रतीत शेवटी कॅरी झुलत्या खुर्चीत एकटी दिसते. हस्तलिखितावरून १९८१ साली पेनसिल्व्हेनियातून निघालेली प्रत हर्स्टवुडच्या पंधरा सेंट भाड्याच्या खोलीत, गॅसची तोटी उघडल्यावर संपते. माझा शेवटचा प्रकरणभाग दुसऱ्या प्रतीवर बेतलेला आहे.