जुन्या पिकअपला आकडेवाला टेंपरेचर मीटर: एका लग्नसराईचा अनुभव

गाडी जुनी डिझेल पिकअप, मागे दोनचाकी ट्रॉलीवर लग्नाचा जनरेटर, वजन दीड टनाच्या आसपास. फिरणं बीड, केज, पाटोदा, कधी धाराशिव. भर सीझन एप्रिल-मेचा, म्हणजे ४२ अंशांत. पालीच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट लागला की गाडी तापायची, म्हणून इंजिनातल्या पाण्याचं तापमान आकड्यात दाखवणारा, हजाराच्या आतला मीटर ऑनलाइन मागवला. दिवाळीनंतर बसवला, पाऊस पडेपर्यंत वापरला.

आधी बसवण्याचं सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) कापून मध्ये ॲल्युमिनियमचा जॉइंट बसतो आणि त्यात सेन्सर. दोन्हीकडं रबर असल्यानं त्या जॉइंटला अर्थिंग मिळत नाही. एक वायर ओढून इंजिनाच्या बॉडीला टाइट करावी लागते, नाहीतर आकडा नुसता नाचतो. सोबतच्या कागदावर याचा उल्लेखही नाही.

डॅशबोर्डवरच्या कंपनीच्या तापमानाच्या काट्याचं म्हणाल तर बऱ्याच गाड्यांत तो ८० लाही मधोमध आणि १०० लाही मधोमधच असतो. हलला तेव्हा उशीर झालेला असतो. मीटरवर मात्र आकडा कुठं चढतो आणि कुठं उतरतो ते दिसतं. माझ्या मते पैसे त्याचेच आहेत, बाकी बझर वगैरे शोभेला.

माझ्या गाडीचं असं होतं. सपाट रस्त्यावर ट्रॉलीसकट साठच्या स्पीडला ८६-८८. बीडच्या ट्रॅफिकमध्ये किंवा मंगल कार्यालयाच्या गल्लीत रांगत गेलं की ९७-९८. घाटात दुसऱ्या गिअरला १०४ आणि वरच. माथ्यावर सपाटी लागली की भराभर खाली. वेगात गार आणि संथ चालीत गरम, म्हणजे पाणी फिरतंय पण हवा ओढली जात नाही. आमचे मिस्त्री मात्र म्हणत होते, "शेठ, वॉल काढून टाकू, पाणी मोकळं फिरल." हा इलाज आपल्याकडं गावोगाव चालतो आणि मला अजिबात पटत नाही. वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, पाणी तापल्यावर रेडिएटरकडं जायची वाट उघडणारी झडप. ती ८२ च्या आसपास उघडते. थर्मोस्टॅट नीट उघडत असेल तर घाटातल्या तापण्याशी त्याचा संबंध नाही. काढला तर हिवाळ्यात इंजिन धड तापत नाही, डिझेल जास्त जातं. आम्ही तो काढून गॅसवर पातेल्यात पाण्यात सोडला, डोळ्यांदेखत उघडला, परत बसवला.

मग सिलिकॉन फॅनकडं वळलो, म्हणजे सिलिकॉन तेलाच्या क्लचवरचा रेडिएटरचा पंखा, गरम झाला की क्लच पकडतो आणि तो जोरात फिरतो. घाटात १०० च्या पुढं गेल्यावर फॅनचा घोंगावणारा आवाज यायला हवा, तो येतच नव्हता. गरम इंजिन बंद करून हातानं फिरवला तर भिंगरीसारखा मोकळा फिरला. चांगला असता तर जड लागला असता. नवीन बसवल्यावर त्याच घाटात, तेवढ्याच ओझ्यात आकडा ९५-९६ वर थांबायला लागला.

एक गोष्ट उरली होती. चौपदरी रस्त्यावर सत्तरच्या पुढं, समोरून वारा असला की आकडा सावकाश चढत राहायचा आणि उतरायला वेळ घ्यायचा. वेगात हवा भरपूर असते, तरी चढतो म्हटल्यावर संशय रेडिएटरवर. आधी एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधली फट बघितली: सोयाबीनचं भुसकट आणि कापसाचे तंतू यांची गादीच झालेली. ती इंजिनाच्या बाजूनं हलक्या पाण्यानं धुवायची. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं पत्र्या मुडपतात. त्यानंतर उष्णता मोजायची गन मारली (कोरोनात कपाळाला लावायचो ती इथं चालत नाही, तिची मजल अंगाच्या तापापुरतीच). रेडिएटरच्या खालच्या भागात सलग गार पट्टे निघाले, म्हणजे त्या नळ्या बंद. आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं, आधीच्या मालकानं तेच वर्षानुवर्षं ओतलेलं. आमचा पितळी-तांब्याचा होता म्हणून सळई मारून साफ झाला. प्लॅस्टिक टाकीचा ॲल्युमिनियमवाला असेल तर बदलायचाच. आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

रेडिएटरचं झाकणही तेव्हाच बदललं. ०.९ बारचं झाकण धड असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास उकळतं. वॉशर गेलेलं असेल तर १०० लाच, आणि बालाघाटाच्या उंचीवर त्याच्याही थोडं आधी. फक्त गरम असताना त्याला हात लावू नका.

मीटरचा खरा धोका वेगळाच आहे. होज फुटून पाणी गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि आकडा वाढायच्या ऐवजी खाली येतो. चढावर अचानक ७० दिसलं तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडा. आणि पाणी बाहेर कुठं गळत नसताना कमी होत असेल, गार इंजिन चालू करून झाकणाच्या तोंडाशी बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) मिस्त्रीला दाखवा. तिथं मीटर काही करू शकत नाही.

तक्रारी किरकोळ. डॅशबोर्डवरची चिकटपट्टी पहिल्याच उन्हात सुटली, स्क्रू मारले. रात्री निळा उजेड डोळ्यांवर येतो. ज्यांच्या गाडीत ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं) सॉकेट आहे त्यांनी हा घेऊ नये. ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाईलवर तेच आकडे दिसतात, होज कापावा लागत नाही.