टांगता गोल फीडर: सहा कोंबड्या, तीन महिने

घेतला तो खाद्य सांडतं म्हणून, पण खरा उपयोग भांडणं कमी व्हायला झाला. माझ्या सहा कोंबड्यांत तांबडी म्हणजे पाटलीण. आधीच्या लहान पसरट भांड्यावर ती आडवी उभी राहायची आणि कवडी तलंग (कोवळी कोंबडी) जवळ आली की टाळूवर एकच टोच. कवडी मागे सरून मान वाकडी करून बघत राहायची. डोक्यावरची पिसंही गेली होती बिचारीची.

कोणी कोणाला टोचायचं याची ही उतरंड १९२१ साली शेल्डरूप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने शास्त्रात मांडली. ती मोडत नाही, मोडायला जाऊही नये. फक्त शेवटच्या कोंबडीला खायला जागा हवी. लांब पन्हळीला दर कोंबडीमागे साधारण १० सेंटीमीटर धरतात. गोल भांड्याला त्याहून कमी पुरते. आता तांबडी एका बाजूला, कवडी बरोब्बर पलीकडे. मधल्या नळकांड्यामुळे दोघींची नजरानजर होत नाही, आणि टोचायचं तर तांबडीला वळसा घालावा लागतो. तेवढ्यात कवडीचे चार घास होतात.

तक्रारी आहेतच. झाकण सैल. काळी त्यावर चढून बसते, शिटते. काठ पाठीच्या उंचीला आला तरच सांडणं थांबतं, पण सोबतची साखळी आखूड; मी सुतळी जोडली. शिवाय अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडी उठून आली की फीडर कसलाही असो, ती फुगून सगळ्यांना हाकलते. तेव्हा तांबडीसुद्धा बाजूला होते!

पाचपैकी चार तारे. एक झाकणाचा कापला.