एमएच पासिंगची स्वस्त गाडी आणि न आलेली एनओसी

कर्नाटकातल्या निपाणीच्या माणसाला कोल्हापूर परमुलूख वाटत नाही. दवाखाना तिकडं, सोयरीक तिकडं, लग्नाचा बस्ता तिकडं. परराज्य म्हणजे काय असतं ते मला चिक्कोडीच्या आरटीओत समजलं, आणि तोवर पैसे देऊन झाले होते.

२०२३ च्या दिवाळीत सेकंडहँड स्विफ्ट घेतली. डिझेल, पुण्याचं पासिंग. बेळगावात तसल्याच केए पासिंगच्या गाडीला साडेचार लाख सांगत होते, ही ३ लाख ६० हजारांत मिळत होती. एमएचची गाडी आमच्याकडं स्वस्त का, हे सीमाभागात पोरंसोरंही सांगतील. गाडी इकडच्या नंबरावर घ्यायची तर कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स भरावा लागतो, आणि तो जबर आहे. पाच ते दहा लाखांच्या नव्या गाडीला १४ टक्के आणि त्यावर सेस. जुन्या गाडीला वयाप्रमाणं टक्का उतरतो, पण तो लागतो गाडीच्या मूळ किमतीवर. आपण कितीला घेतली याला तिथं अर्थ नाही. ज्याच्याकडनं गाडी घेतली तो गाडीवाला म्हणाला होता, "पंचवीस हजारांत सगळं बसतंय, पाव्हणं." पुढं आरटीओत विचारलं तेव्हा आकडा पाऊण लाखाच्या वर निघाला. म्हणजे स्वस्ताई तिथंच संपली. पण हा फटका लहानच म्हणायचा.

गाडीवाला हद्दीपलीकडचा. नाव-गाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. माणूस गोड. चहा पाजला, आमच्या मामाच्या गावची ओळख काढली. मी कागदांचा विषय काढला की म्हणायचा, "तिकडं तुमची कन्नडची भानगड. आपल्या माणसाला आपण नाही सांभाळायचं तर कुणी?" या एका वाक्यावर मी भुललो. आमच्याकडं अर्ज कन्नड, फलक कन्नड, खिडकीवरचा क्लार्क कन्नड. मराठीत कुणी "मी बघतो" म्हटलं की जीव भांड्यात पडतो. त्यानं ते बरोबर हेरलं होतं.

एक लाख रोख, दोन लाख साठ हजार बँकेतून, आणि एनओसी (गाडी परराज्यात न्यायला पुण्याच्या आरटीओचा ना-हरकत दाखला) व टॅक्सचे म्हणून वरती तीस हजार रोख. रोखीची पावती नाही. हातात काय आलं? आरसी, गाडी नावावर करायचे, मूळ मालकाच्या सह्या केलेले २९ आणि ३० नंबरचे कोरे फॉर्म, शंभराच्या बाँडवर नोटरी. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा दिसत होता. त्यावर त्यानं बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म पुढं केला, कंपनीच्या शिक्क्यासकट. "कर्ज केव्हाच फिटलंय, नुसती एचपी, म्हणजे बोजाची नोंद, उतरवायची राहिलीय." मी शिक्का बघितला. तो कुणी मारला, हे विचारावं असं डोक्यात आलं नाही.

मग सुरू झाल्या तारखा. पुण्याचा साहेब बदललाय. सर्व्हर बंद आहे. वर "बारा महिने एमएच नंबरवर बिनधास्त फिरवा, कायदाच आहे" हे पालुपद. अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमात नवा नंबर घेण्यासाठी बारा महिन्यांची सवलत आहे. पण गाडी नावावर करून घेणं हे वेगळं काम, त्याला एवढी मुदत नाही. नऊ महिने मी दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवत होतो.

फेब्रुवारीत एनओसीची झेरॉक्स आली. ती घेऊन चिक्कोडीला गेलो. क्लार्कबाईंनी चासी नंबर टाकला, स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "एनओसी बंदिल्ला री." आलीच नाही. एनओसी ठरावीक आरटीओच्या नावानं निघते आणि ती कॉम्प्युटरवर दिसते. कागद कितीही गुळगुळीत असला तरी तिथं नोंद नसेल तर तो रद्दीच. बाईंनीच मला मोबाईलवर परिवहनची साइट उघडून दाखवली. नंबर टाकला की बोजा कुणाचा, विमा कधीपर्यंत, सगळं समोर. दोन मिनिटांचं काम. इसार देण्याआधी मी ते केलं नव्हतं आणि पुण्याच्या फायनान्स कंपनीला एक फोनही लावला नव्हता. फोन लावायचा तर नंबरही त्यांच्या ऑफिसातूनच घ्या. गाडीवाल्यानं दिलेल्या नंबरावर त्याचाच माणूस बसलेला असतो.

गाडीवाला म्हणाला, ऑनलाइन चढायला वेळ लागतो. मी तेही ऐकलं! बायको अजून यावरून बोलते, आणि तिला बोलायचा हक्क आहे.

ऑगस्टमध्ये तवंदी घाटाखाली वसुलीवाल्यांनी गाडी अडवली. अकरा हप्ते थकले होते. त्यांच्याकडं कंपनीचं पत्र होतं, माझ्याकडं बाँड. संकेश्वरहून आणलेली किराणा मालाची पोती उतरवून रस्त्याकडेला ठेवली आणि गाडी गेली. मूळ मालकाला गाठलं तर तोही रडकुंडीला आलेला. उरलेले हप्ते गाडीवाला भरणार, या बोलीवर त्यानं गाडी सोडली होती.

पोलिसांत वेगळाच खेळ. तिकडचे म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले. इकडचे म्हणाले, व्यवहार महाराष्ट्रात झाला. दोन आठवडे कोगनोळीचा टोलनाका ओलांडत राहिलो, तेही मित्राच्या मोटारसायकलवर. शेवटी एका वकिलांनी सांगितलं की १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), कलम १७३ प्रमाणं, गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते. लेखी अर्जात तो कलम नंबर घातला, तेव्हा फिर्याद घेतली. फसवणूक जुन्या कायद्याच्या काळातली, म्हणून कलम आपलं ओळखीचं ४२०च लागलं.

ठाण्यात बसल्यावर गाडीवाला नरमला. एक लाख दहा हजार परत दिले आणि उरलेल्याचा चेक. रोख दिलेल्या एक लाख तीस हजारांचा विषय निघाला की अजून विचारतो, "पावती दाखवा की."

चेक परवा न वटता परत आला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस जावी लागते, म्हणून उद्या चिक्कोडीला वकिलांकडं निघालोय. सकाळी सातची बस आहे.